कुत्र्याची नखं: थोडीच कापा, पण पुन्हापुन्हा कापा

कुत्रा घरात फिरताना फरशीवर टकटक आवाज येतो. तो आवाज इतका ओळखीचा होऊन जातो की कुत्र्याचं चालणं असंच वाजतं, असं घरातल्यांना वाटू लागतं. खरं तर योग्य लांबीची नखं साध्या चालीत फारशी वाजत नाहीत. कुत्रा सपाट फरशीवर चारही पायांवर निवांत उभा असतो तेव्हा त्याची नखं जमिनीच्या किंचित वर असायला हवीत. ती टेकत असतील, तर प्रत्येक पावलाला जमीन त्यांना उलटं, बोटाकडे दाबते आहे असं समजा.

नखं कापायला हवीत हे बहुतेकांना माहीत असतं. तरीही ती वाढतात, कारण कापायची भीती वाटते. कधीतरी रक्त आलेलं असतं, कुत्रा कळवळलेला असतो आणि त्या दिवसापासून नेलकटर दिसला की तो पलंगाखाली शिरतो. मग महिनोन्महिने कोणी त्याच्या पंजाला हात लावत नाही. नखं फारच वाढली की एका बैठकीत सगळी आखूड करायचा बेत ठरतो, पुन्हा रक्त येतं आणि माणसाची नि कुत्र्याची, दोघांचीही भीती वाढते. हे चक्र तोडायला फार कौशल्य लागत नाही. नखाच्या आत काय आहे आणि ते कसं वागतं, एवढं नीट कळलं पाहिजे.

नखाच्या आत काय असतं

कुत्रा आपल्यासारखं अख्खं पाऊल टेकत नाही, तो बोटांवर चालतो. प्रत्येक बोटाच्या शेवटच्या हाडाला पुढे निमुळतं, वाकडं टोक असतं. त्या हाडाला लपेटून एक मऊ, जिवंत थर असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नि मज्जातंतू दाटीवाटीने असतात. ही जिव्हाळी. पशुवैद्यांच्या तोंडी तिचं नाव ‘क्विक’. जिव्हाळीच्या बाहेरून केराटिनचं कडक आवरण असतं. आपले केस आणि आपली नखंही केराटिनचीच. हे आवरण निर्जीव असतं, ते कापलं तर काही दुखत नाही. जिव्हाळीला पातं लागलं तर मात्र रक्त येतं आणि कळ थेट जाते.

आवरण सगळीकडे सारखं नसतं. वरचा आणि बाजूचा भाग जाड, टणक असतो. खालचा भाग मऊ आणि जरा भुसभुशीत असतो. वरचा भाग जास्त वेगाने वाढतो, म्हणून नख सरळ न वाढता खाली वळत जातं. वाढू दिलं तर ते वळतच राहतं. मांजर आपली नखं हवी तेव्हा आत ओढून घेतं, कुत्र्याला ते येत नाही. त्याची नखं कायम बाहेर असतात आणि जे काही अडायचं, घासायचं, आपटायचं, ते त्यांच्यावरच येतं.

नखं आठवड्याला साधारण १ ते २ मिलिमीटर वाढतात. वय, जात, तब्येत आणि कुठला पाय यावर हा वेग कमीजास्त होतो. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन महिन्यांत तो जवळजवळ सेंटिमीटरभर होतो आणि कुत्र्याच्या बोटासाठी ते खूप आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. जिव्हाळी एका जागी थांबत नाही. नख लांबलं की त्याच्या आत जिव्हाळीही पुढे येते. म्हणूनच वर्षभर न कापलेलं नख एका झटक्यात आखूड करता येत नाही: जिथे कापायचं वाटतं तिथे जिव्हाळी आधीच पोचलेली असते. पण हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडते. नखाचं टोक दर थोड्या दिवसांनी जरासं कमी केलं आणि जिव्हाळीच्या पुढे पातळसंच आवरण राहू दिलं, की जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. मग पुढच्या वेळी आणखी थोडं कापता येतं. तिला टोचायचं नाही, नुसतं तिच्या जवळ जायचं आणि थांबायचं. नखांची सगळी निगा या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती नेमकी सांगितली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती माहीत असती तर कितीतरी कुत्री उगाच कळवळली नसती.

लांब नखांनी पायाचं काय होतं

नख जमिनीला टेकलं की बोटावर मागच्या दिशेने आणि वर दाब येतो. बोट वर उचललं जातं किंवा एका बाजूला कलतं. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही, पण हा दाब रोज, प्रत्येक पावलाला, वर्षानुवर्षं पडत राहतो. बोटं फाकतात, पंजा पसरट होतो, उभं राहायची ढब बदलते. बोटांवरचा दाब टाळायला काही कुत्री वजन मागे टाकून उभी राहायला लागतात. तरुण, दणकट कुत्रा हे निभावून नेतो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला ते जड जातं.

गुळगुळीत फरशीवर तर आणखीच त्रास. तिथे पकड देतात त्या पंजाच्या गाद्या. नखं लांब असली की वजन गाद्यांवर नीट पडत नाही आणि फरशीवर कडक नखं घसरतात. कुत्रा वळताना घसरतो, उठताना मागचे पाय फाकतात, जिना चढायला कचरतो. ‘म्हातारा झाला’ म्हणून आपण ते सोडून देतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या चालीत फरक पडला तर दुखणं शोधायला हवंच, पण त्याच वेळी पंजे उचलून नखं आणि गाद्यांमधले वाढलेले केसही बघा. गाद्या झाकून टाकणारे केसही तितकेच घसरवतात.

आणि मग नख फाटणं. लांब, वळलेलं नख गालिच्यात, जाळीत, फटीत अडकतं, कुत्रा झटका देतो आणि नख मुळाशी चिरतं. जिव्हाळी उघडी पडते. कुत्र्याला होणाऱ्या बारीक दुखापतींमध्ये यासारखी वेदनादायक क्वचितच असेल.

नखं वाढलीत की नाही हे तपासायला कुत्र्याला कडक, सपाट जमिनीवर उभं करा आणि नखाखालून कागद सरकवून बघा. सहज गेला तर ठीक. मात्र ही काही लोखंडी रेघ नाही. काही जातींचा पंजा गोल आणि घट्ट मिटलेला असतो, त्यांची नखं सहज वर राहतात. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांची बोटं लांब असतात, त्यांची नखं जमिनीच्या जवळच असतात. अशा कुत्र्याचं नख थोडं टेकलं म्हणून जिव्हाळीपर्यंत कापत जाऊ नका. बोट सरळ आहे का, नखाने ते वर किंवा बाजूला ढकललं जातंय का, हे बघणं जास्त खरं.

फिरायला नेलं की झिजतात ना?

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर: काही झिजतात, काही नाही. जड कुत्रा रोज कडक, खरखरीत रस्त्यावर बराच चालत असेल तर मधल्या दोन बोटांची नखं बऱ्यापैकी झिजतात. कडेच्या बोटांची तितकी नाहीत. हलक्या वजनाच्या कुत्र्याची फारच कमी. माती आणि गवतावर चालणाऱ्याची जवळजवळ नाहीतच. अंगठ्याचं नख तर नीट उभ्या कुत्र्यात जमिनीला लागतच नाही. तेव्हा फिरणं हवंच, पण ते नखांसाठी पुरेल असं धरून चालू नका.

अंगठ्याच्या त्या नखाला ‘ड्यूक्लॉ’ म्हणतात. पुढच्या पायांना चार बोटं आणि आतल्या बाजूला, थोडा वर, हा अंगठा. मागच्या पायांना बहुतेक वेळा चारच. म्हणजे साधारण १८ नखं. पण ब्रियार्ड, बोसरॉन आणि ग्रेट पायरेनीज या जातींना मागच्या पायांना जोडअंगठे असतात आणि नॉर्वेच्या लुंडेहुंडला प्रत्येक पायाला सहा बोटं असतात. इतर कुत्र्यांतही मागचा एखादा अंगठा निघतो. केसाळ कुत्र्यात तो दिसत नाही, बोटांनी चाचपूनच कळतो. म्हणून तुमच्या कुत्र्याची नखं एकदा मोजून ठेवा.

अंगठा निरुपयोगी आहे हा समज चुकीचा आहे. पुढचा अंगठा कुत्रा चघळायची वस्तू धरायला वापरतो आणि वेगात वळताना तो जमिनीला टेकून पकडही देतो. पण साध्या चालण्यात झीज नाही, त्यामुळे त्याचं नख बिनबोभाट वाढतं, गोल वळतं आणि शेवटी स्वतःच्याच पंजाच्या मांसात रुतू शकतं. असं रुतलेलं नख दिसलं तर घरी उपटायला जाऊ नका. आत जखम असते, बहुतेकदा जंतुसंसर्गही असतो. ते पशुवैद्याकडे सुन्न करून काढावं लागतं.

किती दिवसांनी

नखं योग्य लांबीची असतील तर तीन-चार आठवड्यांतून एकदा टोक काढलं तरी चालतं. ती लांबलेली असतील आणि जिव्हाळी मागे न्यायची असेल, तर आठवड्यातून एकदा, दर वेळी अगदी थोडं. किती दिवसांत फरक दिसेल हे नख किती वाढलंय यावर आहे: थोडं वाढलेलं काही आठवड्यांत ताळ्यावर येतं, वर्षानुवर्षं वाढलेल्याला काही महिने लागतात. मध्ये खंड पडला तर जिव्हाळी पुन्हा पुढे येते. पण म्हणून सगळं वाया गेलं असं समजून सोडून देऊ नका, जिथे आहात तिथून पुढे चालू ठेवा.

भित्र्या कुत्र्यासाठी माझी पहिली शिफारस वेगळी आहे: रोज एकच नख. १८ नखं, १८ दिवस, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत प्रत्येकाचा नंबर पुन्हा येतो. मिनिटभराचं काम. कुत्र्याला सगळ्या पंजांची झटापट सोसावी लागत नाही आणि तुमचाही हात शांत राहतो. ‘एकदाचं उरकून टाकू’ हा विचारच बहुतेक अपघातांच्या मुळाशी असतो.

आधी पंजा, मग नेलकटर

कुत्र्याला पंजा धरलेला सहसा आवडत नाही. पंजा त्याच्यासाठी पळून जायचं साधन आहे आणि तो अतिशय संवेदनशीलही असतो. चौघांनी धरून, तोंड बांधून नखं कापली तर त्या दिवसाचं काम होतं, पण पुढच्या वेळी तो आधीच घाबरलेला असतो आणि त्यापुढच्या वेळी गुरगुरतो. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. जबरदस्तीने वाचवलेला वेळ पुढे कित्येक पटींनी भरावा लागतो.

त्याऐवजी पायऱ्या पाडा. पहिले काही दिवस फक्त खांद्यावरून पायाकडे हात न्या आणि लगेच त्याच्या आवडीचा खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. उलटं केलं, म्हणजे खाऊ दाखवून मग पंजा पकडला, तर तो खाऊलाच संशयाने बघू लागतो. स्पर्श रुळला की पंजा क्षणभर हातात घ्या. मग एखादं बोट हलकं दाबा. मग नेलकटर नुसता जमिनीवर ठेवा, मग नखाला टेकवा, मग पंजापासून लांब हवेत एकदा ‘कट’ असा आवाज करा. काही कुत्री हे सगळं एका आठवड्यात पार करतात, काहींना महिने लागतात. ज्याला आधी इजा झाली आहे त्याला जास्त लागणारच, त्यात त्याचा हट्ट नाही.

त्याच्याकडे बघत राहा. ओठ चाटणं, कारण नसताना जांभई, डोळ्यांचं पांढरं दिसू लागणं, अंग ताठरणं, तोंड मिटून घेणं, धाप लागणं, पंजा हळूच काढून घेणं: ही सगळी ‘आता नको’ची भाषा आहे. तिथेच थांबलात तर गुरगुरायची वेळ येत नाही. त्याने पंजा काढून घेतला तर काढू द्या. सुटता येतं हे कळलं की बहुतेक कुत्री जास्त वेळ थांबतात. ऐकायला उलटं वाटेल, पण खरं आहे. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही रागावू नका. तो सूचना देतोय, ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

पंजा कसा धरता यानेही फरक पडतो. पाय बाजूला, अंगापासून दूर ओढू नका. कुत्र्याचा पुढचा पाय तसा फाकायला बनलेला नाही आणि लहान किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला त्यानेच दुखतं. आपण समजतो नखाला घाबरतोय, पण दुखत असतो खांदा. पाय त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, थोडासाच उचला. पंजा मुठीत आवळू नका, ज्या बोटाचं नख आहे ते बोट अंगठा नि तर्जनीत हलकं धरा. म्हाताऱ्या कुत्र्याला कुशीवर पडूनच ठेवा, त्याला तीन पायांवर उभं करू नका.

इतकं करूनही जमत नसेल, कुत्रा थरथरत असेल किंवा चावायला येत असेल, तर पशुवैद्याशी बोला. भीती कमी करणारी औषधं आधी घरी देऊन किंवा गुंगी देऊन नखं कापता येतात. ही हार नाही. ज्याची नखं रुतायला आली आहेत त्याला महिनोन्महिने शिकवत बसायला वेळ नसतो. आधी गुंगीत नखं आखूड करून घ्या, मग निवांत शिकवा. औषध मात्र पशुवैद्य सांगेल तेच आणि तेवढंच, माणसांचं काहीही नको.

हत्यार

कात्रीसारखा, दोन पात्यांचा नेलकटर मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांना बरा. नख भोकात घालून एकाच पात्याने कापणारा प्रकारही मिळतो, तो लहान नखांना चालतो, पण वळलेलं नख त्याच्या भोकात नीट जात नाही. पिल्लाला माणसांचा नेलकटरही पुरतो. कुठलाही घ्या, पण पातं धारदार हवं. बोथट पातं नख कापण्याआधी ते चेपतं आणि चेपल्याची कळ जिव्हाळीला पोचते. रक्त आलं नाही तरी कुत्रा झटका देतो तो यामुळे.

नखं घासणारा विजेवरचा ग्राइंडर मला काळ्या नखांसाठी जास्त आवडतो, कारण त्यात कणाकणाने जाता येतं आणि धार गोल राहते. पण घासल्याने उष्णता होते, म्हणून एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, उचला, पुन्हा टेकवा. लांब केस आधी मागे धरा, नाहीतर ते फिरत्या टोकात गुंडाळले जातात. आवाज आणि थरथर या दोन्हींची सवय आधी लावावी लागते. उडणारी भुकटी नाकातोंडात जाते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, मास्क लावला तर उत्तम.

पंजाला हातच लावू न देणाऱ्या कुत्र्यासाठी एक सुंदर उपाय आहे: फळीवर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवायचा आणि कुत्र्याला त्यावर पुढच्या पायांनी खरवडायला शिकवायचं. हत्यार नाही, पकडणं नाही, तो स्वतःच नखं घासतो. अंगठा राहून जातो आणि मागच्या पायांना शिकवणं अवघड जातं, पण पुढची चार-चार नखं बऱ्यापैकी जागेवर राहतात. गाद्या सोलवटत नाहीत ना, यावर लक्ष ठेवा.

प्रत्यक्ष कापताना

उजेड भरपूर हवा. आंघोळीनंतर नखं थोडी मऊ असतात, तेव्हा जाड नखं सहज कापली जातात. बोट धरा, गादी किंचित वर दाबा, नख पुढे येतं. केस बाजूला करा. पातं असं धरा की काप गादीच्या पातळीला साधारण समांतर किंवा जरा तिरका जाईल. मोठा तुकडा एकदम काढू नका. पेन्सिलीला टोक काढताना जसे पातळ पापुद्रे निघतात तसे काप घ्या, प्रत्येक वेळी एखाद-दोन मिलिमीटरचा.

पांढऱ्या नखात गुलाबी जिव्हाळी दिसते. तिच्या दोन मिलिमीटर आधी थांबायचं, संपलं.

काळं नख अवघड, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. इथे दोन खुणा उपयोगी पडतात. नखाला खालून बघा. टोकाकडे खाली पोकळ खाच दिसते आणि बोटाकडे ती भरून येऊन नख भरीव होतं. खाच असलेला भाग सहसा बिनधोक असतो, भरीव भाग सुरू झाला की सावध व्हायचं. दुसरी खूण कापलेल्या तोंडावर असते. प्रत्येक कापानंतर नखाचं तोंड समोरून बघा. सुरुवातीला ते कोरडं, खडूसारखं पांढुरकं किंवा करडं दिसतं. थोडं आत गेलात की मधोमध एक वेगळा ठिपका दिसू लागतो, गडद, जरा ओलसर, चकाकता. तिथेच थांबा. त्यापलीकडे जिव्हाळी आहे. एकाच कुत्र्याची काही नखं पांढरी आणि काही काळी असतील तर पांढऱ्यांवरून अंदाज बांधता येतो: त्याच पंजाच्या शेजारच्या नखात जिव्हाळी साधारण तितक्याच अंतरावर असते.

जिव्हाळी फार पुढे आलेली असेल तर फक्त टोकावर अडून बसू नका. नखाच्या वरच्या बाजूचं टणक आवरण आणि कडा ग्राइंडरने किंवा कानशीने हलक्या घासून उतरवल्या, म्हणजे जिव्हाळीभोवतीचं जाड आवरण पातळ केलं, तर ती लवकर मागे जाते असा अनेक जाणत्यांचा अनुभव आहे. हात बसलेला नसेल तर हे आधी जाणकाराकडून बघून घ्या.

रक्त आलं तर

येऊ शकतं, कितीही जपलं तरी. म्हणून रक्त थांबवणारी पावडर, म्हणजे स्टिप्टिक पावडर, नेलकटर उघडण्याआधीच शेजारी ठेवा. ती नखाच्या तोंडावर दाबा, थोडी झोंबते. नसेल तर कॉर्नफ्लोअर चिमूटभर घेऊन नखावर घट्ट दाबून धरा. दाबणं खरं काम करतं: दोन-तीन मिनिटं, मध्ये उचलून न बघता. पंजा भिजवू नका, कुत्र्याला थोडा वेळ पळू देऊ नका, चाटू देऊ नका. जमिनीवर उमटलेलं रक्त बघून घाबरायला होतं, पण एका नखातून जातं ते रक्त निरोगी कुत्र्यासाठी किरकोळ असतं. तुम्ही आरडाओरडा केलात तर मात्र त्याच्या लक्षात वेदनेपेक्षा तुमची घबराट राहते. शांतपणे खाऊ द्या आणि त्या दिवसाचं काम तिथेच बंद करा.

नीट दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर पशुवैद्याला फोन करा. रक्त न गोठण्याचा आजार काही कुत्र्यांत जन्मतः असतो. डॉबरमनमध्ये फॉन विलेब्रँड हा असा आजार बराच आढळतो आणि तो कधीकधी पहिल्यांदा नख कापतानाच उघड होतो. डॉबरमन पाळत असाल तर ही गोष्ट आधीच विचारून ठेवा.

नख खूपच खोल, हाडाजवळ कापलं गेलं किंवा चिरून लोंबकळत असेल, तर ते घरी ओढून काढू नका. स्वच्छ कापडाने हलकं गुंडाळा आणि पशुवैद्याकडे न्या. सैल तुकडा भूल देऊन काढला की नख काही महिन्यांत पुन्हा येतं. वेदना बघवत नाही म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. माणसांची ही औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

नख बघताना आणखी काय दिसतं

नियमित नखं बघणाऱ्याला दुखणी लवकर कळतात आणि हा फायदा आखूड नखांइतकाच मोठा आहे. एका पंजाची नखं दुसऱ्यापेक्षा लांब असतील तर कुत्रा त्या पायावर वजन टाकत नसेल, लंगडणं डोळ्यांना दिसण्याच्या आधीच. मागच्या पायांच्या नखांची टोकं नव्हे तर वरची बाजू घासलेली दिसली, तर चालताना पंजा उचलला न जाता घासतो आहे. हे पाठीच्या कण्याच्या किंवा मज्जातंतूंच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं.

वेगवेगळ्या पंजांची नखं थोड्या थोड्या काळात एकामागून एक सैल होऊन गळू लागली, तर नखांच्या मुळांवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करत असण्याची शक्यता असते. जर्मन शेफर्ड आणि गॉर्डन सेटर या जातींत हा आजार ओळखीचा आहे. त्यावर उपचार महिनोन्महिने चालतात, पण बहुतेक कुत्री त्यात बरी राहतात. याउलट एकाच बोटाला सूज, एकच नख वाकडं वाढणं, बोटातून पुन्हापुन्हा पू येणं, प्रतिजैविकांनी तेवढ्यापुरतं बरं वाटून परत उलटणं: हे गाठीचं, अगदी कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत, स्टँडर्ड पूडल आणि जायंट श्नाउझरसारख्या जातींत, नखाच्या मुळाशी होणारा कर्करोग अधिक आढळतो. अशा बोटाचा एक्स-रे आणि गरज वाटल्यास बायॉप्सी करून घ्यायला पशुवैद्याकडे स्वतःहून आग्रह धरा, आणखी एक औषधाचा कोर्स संपायची वाट बघू नका.